लिटल लीग : खेळ पोरांचा, उद्योग मोठ्यांचे

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. ज्यांची पोरं कुठल्या ना कुठल्या अकॅडमीत जातात त्यांनी तर जरूर वाचा. विषय अमेरिकेतला आहे, पण वाचताना आपलीच माणसं आठवतील.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्यम्सपोर्ट नावाचं एक शहर आहे. शहर म्हणायचं, पण आकाराने आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढंच. दर ऑगस्टमध्ये या गावाला लागून असलेल्या मैदानावर दहा ते बारा वर्षांच्या मुलांची बेसबॉलची ‘वर्ल्ड सिरीज’ भरते. जगभरातून संघ येतात, सामने देशभर टीव्हीवर दाखवतात. या स्पर्धेचं नाव लिटल लीग.

या लीगचं नियमपुस्तक चाळलं तर एक गंमत दिसते. मुलाचा जन्मदाखला तपासा. तो कुठल्या हद्दीत राहतो किंवा शाळेत जातो त्याचा पुरावा घ्या. एका दिवसात किती बॉल टाकायचे ते मोजा. संघातल्या प्रत्येक पोराला थोडा तरी वेळ खेळायला मिळालाच पाहिजे. यातला एकही नियम पोरांच्या दंग्यामुळे आलेला नाही. सगळे मोठ्यांना आवरण्यासाठी आहेत. आणि या नियमांमागे एकेक गोष्ट आहे.

सुरुवात चांगलीच झाली होती. १९३८ साली विल्यम्सपोर्टमधला कार्ल स्टॉट्झ नावाचा एक साधा नोकरदार माणूस आपल्या दोन भाच्यांबरोबर अंगणात खेळत होता. त्याच्या लक्षात आलं की लहान पोरांसाठी वेगळा खेळच नाही. मोठ्या मुलांनी खेळायला घेतलं तर खेळायचं, नाहीतर मैदानाच्या कडेला बसून बघायचं. मैदानही मोठ्या माणसांच्या मापाचं. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर नव्वद फूट असतं. दहा वर्षांचं पोर तेवढं पळेपर्यंत बॉल केव्हाच पोचलेला असतो. स्टॉट्झने शेजारपाजारची मुलं गोळा केली, त्यांना पळवून पाहिलं, वर्तमानपत्रं टाकून बेस केले आणि पुढेमागे सरकवत अंतर ठरवलं. ते साठ फुटांवर आलं. आजही लिटल लीगचं अंतर तेवढंच आहे.

गणवेश आणि सामानासाठी त्याने गावातल्या दुकानदारांचे आणि कारखानदारांचे उंबरठे झिजवले. नकारावर नकार आले. शेवटी एक डेअरी तयार झाली, मग एक लाकडाची वखार, मग एक खाऊ बनवणारी कंपनी. तीन प्रायोजक, तीन संघ. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला. वखारीच्या संघाने डेअरीच्या संघाला २३-८ असं हरवलं. एवढीच सुरुवात.

दुसरं महायुद्ध संपल्यावर हे लोण झपाट्याने पसरलं. १९४७ मध्ये विल्यम्सपोर्टला पहिली मोठी स्पर्धा झाली. लगेच पुढच्या वर्षी युनायटेड स्टेट्स रबर ही मोठी कंपनी प्रायोजक म्हणून आली. ती मुलांचे बूट बनवायची, त्यामुळे तिला यात रस असणं साहजिकच होतं. पैसा आला, कार्यालय आलं, पगारी माणसं आली. १९५२ मध्ये याच कंपनीतले पीटर मॅकगव्हर्न लीगचे अध्यक्ष झाले. १९५३ मध्ये टीव्ही आला.

स्टॉट्झला हे पटत नव्हतं. त्याचं म्हणणं साधं होतं. खेळ गावागावात राहू द्या. राष्ट्रीय स्पर्धा आणि कंपनीचं नाव मोठं झालं की गावातली लीग मागे पडेल. वाद विकोपाला गेला, कोर्टापर्यंत पोचला आणि १९५६ च्या सुरुवातीला तडजोड होऊन स्टॉट्झ आपणच जन्माला घातलेल्या संस्थेतून बाहेर पडला. पुढे तो विल्यम्सपोर्टमध्येच जुन्या मैदानावर गावातल्या पोरांची लीग चालवत राहिला. संस्था उभी करणाऱ्यालाच संस्थेबाहेर काढणं आपल्याकडेही काही नवीन नाही. शिक्षणसंस्था आणि पतपेढ्यांत किती वेळा पाहिलंय आपण.

हा वाद चालू होता त्याच उन्हाळ्यात, म्हणजे १९५५ मध्ये, दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात जे झालं ते जास्त वाईट होतं. कॅनन स्ट्रीट वायएमसीएच्या लीगमधून कृष्णवर्णीय मुलांचा एक संघ राज्य स्पर्धेत उतरला. कागदोपत्री सगळं नियमात होतं. पण राज्यातल्या बाकीच्या सगळ्या लीग गोऱ्यांच्या. काळ्या पोरांबरोबर आमची पोरं खेळणार नाहीत म्हणत एकसष्ट लीगनी स्पर्धेतूनच अंग काढून घेतलं. पोरांना कुणी विचारलंही नव्हतं.

मुख्यालयाने वर्णभेदाला मान तुकवली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण पुढे नियमावर बोट ठेवलं. संघाने सामना खेळून जिंकलेला नाही, समोरचे आले नाहीत म्हणून तो पुढे आला, सबब तो पात्र नाही. नुकसानभरपाई म्हणून त्या मुलांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलावलं. पोरं बसने एवढा लांबचा प्रवास करून गेली. त्यांना मैदानावर थोडा सराव करू दिला आणि मग प्रेक्षकांत बसवलं. सराव चालू असताना स्टँडमधल्या लोकांनी ओरडायला सुरुवात केली, खेळू द्या त्यांना! कुणी ऐकलं नाही. बाहेर पडलेल्या गोऱ्या लीगनी स्वतःची वेगळी संघटना काढली आणि दक्षिणेत ती चांगली फोफावली. चार्ल्सटनच्या त्या संघाला राज्य विजेतेपदाचा मान मिळाला तो २००२ मध्ये. तोपर्यंत ती बारा वर्षांची पोरं साठीकडे झुकली होती.

मुलींचंही तसंच. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातली एक मुलगी मुलग्याचं टोपणनाव घेऊन लीगमध्ये खेळली. चांगली खेळली. त्यानंतर लगेच मुलींना बंदी घालणारा नियम आला. १९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकेन गावात मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी तीन सामने खेळली. मुख्यालयाने गावच्या लीगची मान्यताच काढून घेण्याची धमकी दिली. गावातल्या बाकीच्या पोरांचा खेळ बंद पडू नये म्हणून मारियाला गणवेश परत करावा लागला. प्रकरण नागरी हक्क विभागाकडे गेलं. तिथे लीगतर्फे युक्तिवाद करणारे होते क्रेटन हेल, शरीरशास्त्राचे अभ्यासक. मुलींची हाडं मुलांपेक्षा कमजोर असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. याच हेल यांनी पोरांचं डोकं वाचवणारं दोन्ही कान झाकणारं हेल्मेट विकसित केलं होतं. म्हणजे माणूस पोरांच्या जिवाची काळजी करणाराच होता. काळजी आणि पूर्वग्रह एकाच माणसात सुखाने नांदतात.

नोव्हेंबर १९७३ मध्ये निकाल मुलींच्या बाजूने लागला. मुली येणार म्हणून न्यू जर्सीत अनेक ठिकाणी मोठ्यांनी लीगच बंद ठेवल्या! म्हणजे मुलींना खेळू देण्यापेक्षा मुलग्यांनीही नाही खेळलं तरी चालेल. १९७४ मध्ये नियम बदलला. पण तोवर मारियाचं वय निघून गेलं होतं. २०१४ मध्ये मोने डेव्हिस नावाची फिलाडेल्फियाची मुलगी याच वर्ल्ड सिरीजमध्ये उतरली. समोरच्या संघाला एकही रन न देता तिने सामना जिंकून दिला आणि ती देशभर गाजली. मारियाला न मिळालेली संधी तिला मिळाली.

आता जिंकण्याच्या हव्यासाकडे येऊ. १९५७ मध्ये मेक्सिकोतल्या मॉन्तेरेचा संघ सीमेवरचा पूल पायी ओलांडून अमेरिकेत आला. अंगाने लहानखुरी, गरीब घरची पोरं. त्यांनी थेट वर्ल्ड सिरीज जिंकली. अंतिम सामन्यात आंखेल मासियास या पोराने समोरच्या एकाही बॅटरला पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचू दिलं नाही. लिटल लीगची सगळ्यात सुंदर गोष्ट बहुधा हीच.

पण पुढे देशाची इभ्रत पोरांच्या खांद्यावर आली. तैवानने १९६९ मध्ये पहिल्यांदा विजेतेपद पटकावलं आणि मग सपाटाच लावला. १९९६ पर्यंत सतरा विजेतेपदं. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली जागा गेलेल्या त्या छोट्या देशाला जगाने ओळखावं असं हे एकच मैदान उरलं होतं. लोक रात्र रात्र जागून सामने बघायचे. गावच्या लीगऐवजी लांबलांबून निवडलेली मुलं एकत्र करून खेळवतात, अशा तक्रारी होऊ लागल्या. अमेरिकेतल्या मोठ्यांनी त्यावर काय उपाय काढला? १९७५ मध्ये परदेशी संघांनाच बाहेर ठेवलं. टीका एवढी झाली की पुढच्या वर्षी निर्णय फिरवावा लागला.

१९९२ मध्ये फिलिपिन्सच्या झाम्बोआंगाने अंतिम सामना १५-४ असा जिंकला. मग त्यांच्याच देशातल्या वर्तमानपत्रात बातमी आली की अनेक मुलं हद्दीबाहेरची आहेत. विजेतेपद काढून घेतलं गेलं.

२००१ चं प्रकरण तर अनेकांना आठवत असेल. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला डॅनी अल्मोंटे. एका सामन्यात त्याने सोळा जणांना बाद करून मासियाससारखाच अचाट पराक्रम केला. सत्कार झाले. मग पत्रकारांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधली जन्मनोंद शोधून काढली. एक नोंद १९८७ ची, दुसरी १९८९ ची. पोरगं बारा नव्हे तर चौदा वर्षांचं होतं. संघाचे सगळे सामने रद्द झाले, वडील आणि लीगचे प्रमुख यांच्यावर कायमची बंदी आली. चौकशीत हेही बाहेर आलं की तो मुलगा त्या काळात शाळेतच जात नव्हता. मला यातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच वाटते. वय चोरलं ते चोरलंच, पण त्याचं शिकायचं वर्षही गेलं. आणि टोमणे कुणी खाल्ले? त्या पोराने.

२०१४ मध्ये शिकागोच्या जॅकी रॉबिन्सन वेस्ट या कृष्णवर्णीय मुलांच्या संघाने अमेरिकेचं विजेतेपद जिंकलं. मुलं व्हाइट हाऊसला जाऊन ओबामांना भेटली. फेब्रुवारी २०१५ मध्ये विजेतेपद परत घेतलं गेलं, कारण मोठ्यांनी हद्दीचे नकाशे बदलून बाहेरची मुलं घेतली होती. पोरांनी मारलेले फटके खरे होते, टाकलेले बॉल खरे होते. खोटा होता तो नकाशा.

शेवटची गोष्ट हाताची. बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे आपला बोलर. वाढीच्या वयात जास्त बॉल टाकले की कोपराच्या हाडाची वाढ बिघडते. या दुखण्याला डॉक्टर १९६० च्या दशकापासून ‘लिटल लीग एल्बो’ म्हणतात. लीगचंच नाव दुखण्याला! तरी बॉल मोजायचा नियम यायला २००७ साल उजाडलं. आता अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसात पंच्याऐंशीच बॉल टाकता येतात आणि सहासष्ट किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस सुट्टी. चांगला नियम आहे. पण पळवाट मोठ्यांनीच काढली. लीगशिवाय खासगी ‘ट्रॅव्हल’ संघ असतात. भरमसाट फी भरायची, शनिवार-रविवारी गाडी काढून दुसऱ्या राज्यात स्पर्धेला जायचं. एका संघाने मोजलेले बॉल दुसऱ्या संघाला माहीत नसतात. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांची पोरं गावातच राहतात आणि गावची लीग ओस पडत जाते. स्टॉट्झ १९५५ मध्ये हेच सांगत होता.

आता यात फक्त खलनायक शोधू नका. त्याच लीगमध्ये हजारो लोक फुकट राबतात. संध्याकाळी कामावरून येऊन मैदानावर चुना मारणारे, पोरांना पाणी देणारे, दुसऱ्याच्या पोराला बॅट धरायला शिकवणारे. स्टॉट्झही त्यांच्यातलाच. पोरांना मोठी माणसं लागतातच. प्रश्न एवढाच की मोठ्या माणसाला त्या खेळातून स्वतःसाठी काय हवंय.

आपल्याकडे बेसबॉल नाही, क्रिकेट आहे. वयचोरी पकडायला क्रिकेट बोर्डाला पोरांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघावं लागतं. यावरून ओळखा. आपल्या गावातही अकॅडम्या वाढल्यात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पालक म्हणून तीन साध्या गोष्टी विचारा. माझं पोरगं आठवड्यात शाळा, अकॅडमी आणि क्लब मिळून किती बॉल टाकतं, याची एकत्र नोंद कुणाकडे आहे का? मागच्या स्पर्धेत राखीव म्हणून नेलेल्या पोरांपैकी किती जणांना एक तरी ओव्हर मिळाली? आणि संघ निवडणाऱ्यांत कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या आहे?

उत्तरं मिळाली तर कमेंटमध्ये लिहा. पोरांची नावं टाकू नका, एवढीच विनंती.