रॉक मशीन ते इंडस क्रीड : अठ्ठावीस वर्षांची वाटचाल

मुंबईत इंग्रजी रॉक १९८४ साली एकाएकी उगवले नाही. जानेवारी १९६८मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत येऊन सरोद, संतूर, शहनाई यांचे ध्वनिमुद्रण करून गेला होता. १९७० आणि १९७१ या वर्षी एका सिगारेट कंपनीने आपल्या ‘सिमला’ या मालाच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ ही बँडची स्पर्धा घेतली आणि तिच्यातील निवडक गाण्यांच्या दोन तबकड्या काढल्या. आरोग्याला घातक असलेल्या वस्तूने संगीताचे एवढे भले करावे, हा त्या काळाचा विनोदच म्हणायचा. १९७२च्या ऑक्टोबरात लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत उतरले. बासरीवादक विजय राघव राव यांच्या साहाय्याने त्यांनी इथल्या वादकांकडून आपली दोन गाणी वाजवून घेतली. ती ध्वनिमुद्रणे अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडले. ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या बँडने ‘ऑब्सेशन ७७’ ही एक तबकडी मागे ठेवली आणि तो पांगला. उत्साह होता, हात होते. टिकून राहणारे कोणी नव्हते.

याच वर्षांत जगात दुसरीकडे काय चालले होते, हे पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट नीट उमगणार नाही. १९६९मध्ये इंग्लंडात किंग क्रिमसनची पहिली तबकडी आली आणि तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली. येस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड यांनी तिचे उरलेसुरले तुकडेही फेकून दिले. जेथ्रो टलने १९७२मध्ये ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ काढले. तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून ते एकच गाणे आहे. या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. मराठीत ‘पुरोगामी रॉक’ म्हणावे, तर मागे मोर्चा येत असल्याचा भास होतो, म्हणून इथे मूळ शब्दच ठेवला आहे. हे लोण इंग्लंडपुरते राहिले नाही. मिलानच्या पी.एफ.एम.ने ते इटालियनमध्ये गायले. फ्रान्सच्या ‘माग्मा’ने तर गाण्यासाठी स्वतःची एक भाषाच रचली. जर्मनीत टँजरीन ड्रीमने विजेच्या सुरांचे लांबलचक पट विणले. कॅनडातून रश आला. प्रत्येक देशाने या प्रकारात आपल्या घरचे काही ना काही मिसळले.

मुंबईकर कानाला यातले अवघड काहीच नसावे. पिंक फ्लॉइडचे ‘मनी’ हे गाणे सात मात्रांत चालते, हे पाश्चात्त्य श्रोत्याला नवल वाटते. रूपक तालावर वाढलेल्याला त्याचे काय? वर्धा जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे. अशा दर्ग्यांतली कव्वाली पाऊण तास चालते, मध्ये लय चढते, उतरते, पुन्हा मुखड्यावर येते, हे ज्या श्रोत्याला ठाऊक आहे, त्याने वीस मिनिटांच्या रॉकला घाबरण्याचे कारण नाही. तरीही मुंबईच्या बँडला तिथवर पोहोचायला अठ्ठावीस वर्षे लागली. ही वाटचाल त्याच अठ्ठावीस वर्षांची आहे.

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ स्थापन झाला. त्याच वर्षी गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या आपल्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम एकट्याने ध्वनिमुद्रित केला. मुंबईची गोष्ट मात्र एकट्याची नव्हती. गिटारवादक महेश तिनईकर हे स्थापनेपासूनचे सदस्य. गायक उदय बेनेगल, बासवादक मार्क सेल्विन, कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया, ड्रमवादक मार्क मेनेझिस आणि गिटारवादक जयेश गांधी यांच्या हातांनी बँड उभा राहिला. मराठी, पारशी, ख्रिस्ती, गुजराती अशी ही नावे वाचली, तरी गिरगावापासून वांद्र्यापर्यंतची मुंबई डोळ्यांसमोर येते. त्या काळी मराठी घरात ‘बँड’ म्हटले, की वरातीत लाल कोट घालून क्लॅरिनेट वाजवणारेच आठवत. ‘आमचा मुलगा बँडमध्ये आहे’ हे वाक्य पाहुण्यांसमोर उच्चारायला आईवडिलांना धीर लागत असे.

साधनांची अडचण मोठी होती. परदेशी गिटार म्हणजे आयात शुल्काचा डोंगर. देशी बाजारात कोलकात्याची ‘गिव्हसन’ मिळे. अमेरिकी ‘गिब्सन’शी तिचे नाते नावापुरतेच होते. तारा, काड्या, नोटेशनची पुस्तके यांसाठी धोबी तलावचे फुर्ताडोज आणि नव्या तबकड्यांसाठी काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस, अशी तरुणांची वारी चाले. एक तबकडी विकत घ्यायची आणि तिच्यावरून मित्रांच्या दहा कॅसेट भरायच्या, हा तर रिवाजच होता. गाणे बसवायचे तर कॅसेट मागे-पुढे करत, एकेक ओळ कानाने टिपत बसावे लागे. आजच्या विद्यार्थ्याला हे सांगून पटत नाही. पण या कानानेच पुढे हात तयार केले, असे म्हणायला हरकत नाही.

१९८६मध्ये ‘मिराज’ या बँडच्या फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाचे निमित्त साधून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव सुरू केला. जागा होती धोबी तलावचे रंगभवन, झेव्हियर्स महाविद्यालयाच्या शेजारचे खुले नाट्यगृह. १९७८पासून तिथे जॅझ यात्रा भरत होती. आता ऑगस्टच्या पावसात महाविद्यालयीन मुले तिथे रॉक ऐकायला येऊ लागली. भर पावसाळ्यात, खुल्या नाट्यगृहात, विजेची वाद्ये! आयोजकांचे हे धाडस की अव्यवहार, यावर मतभेद होऊ शकतील. परंतु महोत्सव टिकला, वाढला. रॉक मशीनसह कितीतरी बँडना हजारोंच्या गर्दीसमोर उभे राहण्याचा पहिला अनुभव तिथे मिळाला.

गर्दीची मागणी मात्र परदेशी गाण्यांची असे. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राला किशोरकुमारची फर्माईश यावी, तशी रॉक बँडला डीप पर्पलची यायची. स्वतःचे गाणे सुरू केले, की मागच्या रांगा चहाला उठत. रॉक मशीननेही आरंभी इतरांचीच गाणी वाजवली. पण बँडने तिथेच थांबायचे नाकारले आणि १९८८ साली स्वतःच्या रचनांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला. १९९०मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आला. या दोन्ही अल्बमना प्रोग्रेसिव्ह म्हणणे धाडसाचे होईल. ते सरळ, कणखर हार्ड रॉक होते. भारतीय बँडने इंग्रजीत स्वतःचे लिहावे आणि लोकांनी ते विकत घ्यावे, ही रीत मात्र त्यांनी पाडली. बालापोरियांच्या कीबोर्डमध्ये पुढच्या वळणाची चाहूल तेव्हाही लागते. ज्याला सवड असेल, त्याने त्या दृष्टीने हे अल्बम पुन्हा ऐकावेत.

१९९१मध्ये स्टार वाहिन्यांबरोबर एमटीव्ही भारतीय घरांत शिरले. १९९३ साली बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले. ‘रॉक मशीन’ हे नाव जगातल्या कुठल्याही शहरातल्या बँडला शोभले असते. सिंधू नदीचे नाव घेतले, तेव्हा पत्ता कळला. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्ही व्हिडिओ म्युझिक पुरस्कारांत आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा मान मिळाला. १९९५मध्ये ‘इंडस क्रीड’ याच नावाचा तिसरा अल्बम निघाला. बँडची कीर्ती शिखरावर होती.

आणि १९९७मध्ये बँड विसर्जित झाला.

हिंदी पॉपने तेव्हा दूरचित्रवाणीचा सगळा पडदा व्यापला होता. इंग्रजीत गाणाऱ्यांना शहरी महाविद्यालयांबाहेर फारशी जागा उरली नव्हती. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले व तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा वेगळा प्रयोग मांडला. रंगभवनाचे दिवसही भरत आले होते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या शंभर मीटरच्या परिघात शांतता क्षेत्र आखले. रंगभवनाच्या आसपास रुग्णालयेही होती आणि शिक्षणसंस्थाही. ध्वनिक्षेपक बंद झाले आणि रॉकची मुंबईतली हक्काची जागा गेली. रुग्णाची झोप गिटारपेक्षा मोलाची, हे मान्य करूनही एक तक्रार उरते : शहराने बदल्यात तशी मध्यवर्ती, स्वस्त, खुली जागा दिली नाही. ‘इंडिपेंडन्स रॉक’ला उपनगरांतली मैदाने शोधावी लागली.

इंडस क्रीड नव्हता, त्या वर्षांत त्याने तयार केलेली वाट ओस पडली नाही. १९९४ साली मुंबईत स्थापन झालेला पेंटाग्राम २००५मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आला. कोचीच्या मदरजेनने ‘इन्सेन बायोग्राफी’ आणि २००८च्या ‘मक्तूब’मध्ये गिटारच्या तारांवर कर्नाटकी गमक चढवले. भारतातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा विचार करताना या दोन अल्बमना वगळता येत नाही. अलाहाबादहून अमित सैगल यांचे ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघे. कोणत्या गावात कोणता बँड आहे, हे देशाला त्या मासिकाने कळवले. २०१२च्या आरंभी सैगल यांचे निधन झाले. या क्षेत्राने आपला हिशेबनीस गमावला. डिसेंबर २००९मध्ये पवईच्या आय.आय.टी.त ‘मूड इंडिगो’ महोत्सवासाठी इंग्लंडचा पॉर्क्युपाइन ट्री आला. ज्या प्रकाराचे नाव पुस्तकात किंवा कॅसेटच्या वेष्टनावर वाचले होते, त्याचा त्या वेळचा एक अव्वल बँड मुंबईच्या विद्यार्थ्यांनी समोर ऐकला. त्यानंतरच्या डिसेंबरात पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये पहिला ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ महोत्सव भरला. स्वतःची गाणी वाजवणारे बँड हेच त्याचे आकर्षण होते. १९८६च्या रंगभवनात चहाला उठणारा श्रोता आता तिकीट काढून, नव्या गाण्यासाठी येत होता.

अशा वेळी, २०१०मध्ये, इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे जुने तिघे होते. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे पुढच्या पिढीचे दोघे आले. पुनर्मीलनात बहुतेक बँड जुनीच गाणी उगाळतात. लोकांना तेच हवे असते आणि पैसाही त्यातच असतो. इंडस क्रीडने दोन वर्षे घेऊन नवा अल्बम केला. १९९५नंतर सतरा वर्षांनी, २०१२ साली, ‘इव्हॉल्व्ह’ प्रकाशित झाला. त्याचे ध्वनिमिश्रण पर्ल जॅमच्या ‘टेन’ या अल्बमवर काम केलेल्या टिम पामर यांनी केले.

‘इव्हॉल्व्ह’ हा प्रोग्रेसिव्ह रॉकचा अल्बम आहे. गाणी लांबली आहेत, पण पाणी घालून नव्हे. एका गाण्यात दोन-तीन दालने आहेत. एकातून दुसऱ्यात जाताना लय बदलते आणि कीबोर्ड दार उघडून धरतो. ‘फायरफ्लाइज’मध्ये तिनईकरांची गिटार पूर्वी जिथे जोर लावत असे, तिथे थांबते. हे थांबणे वयाने येते. १९८८च्या बँडला ते जमले नसते आणि जमायलाही नको होते. पाच जणांनी एकमेकांचे ऐकत वाजवलेले हे संगीत आहे. यशस्वी गाणे म्हणून ‘प्रिटी चाइल्ड’ची आठवण निघत राहील, पण या बँडचे सर्वोत्तम काम ‘इव्हॉल्व्ह’ हेच.

लगोलग पुढच्या फळीचेही काम समोर आले. २०१३मध्ये मुंबईच्या ‘कोशिश’ने ‘फिरदौस’ हा सलग कथासूत्राचा प्रोग्रेसिव्ह अल्बम काढला आणि तो हिंदीत गायला. पी.एफ.एम.ने १९७२मध्ये इटालियनसाठी जे केले, ते इथे चार दशकांनी झाले. पुण्याच्या ‘अग्नी’ने हिंदी रॉकला त्याआधीच श्रोते मिळवून दिले होते. मुंबईच्या ‘अभंग रीपोस्ट’ने तर संतांचे अभंगच गिटार आणि ड्रमवर घेतले. अस्सल मराठी शब्दांवर बेतलेला, लांब पल्ल्याचा प्रोग्रेसिव्ह अल्बम मात्र अजून कोणाच्या नावावर ठळकपणे मांडता येत नाही. ज्या भाषेत भारुड आहे, गोंधळ आहे, रात्रभर चालणारे कीर्तन आहे, तिला हे उणे शोभत नाही.

या वाटचालीचा पुरावा आज विखुरलेला आहे. ऱ्हिदम हाऊस २०१६मध्ये बंद झाले. रॉक मशीनच्या कॅसेट, ‘इंडिपेंडन्स रॉक’ची तिकिटे, रंगभवनाच्या भिंतींवरचे फलक हे सारे कोणाच्या तरी माळ्यावर, जुन्या बॅगेत पडून असणार. गिरडच्या टेकडीवर गोल दगड सापडतात. बाबा फरीदांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे ते दगड झाले, अशी तिथली कथा आहे. न वाजवता ठेवलेल्या कॅसेटचेही तेच होते. फितीला बुरशी येते, थर एकमेकांना चिकटतात आणि मग आतला माल असूनही हाती लागत नाही. १९८४ ते १९९७ या काळातील मुंबई, पुणे, नागपूर, गोवा इथल्या कोणत्याही बँडची कॅसेट, छायाचित्र वा कार्यक्रमपत्रिका ज्यांच्याकडे असेल, त्यांनी ती रद्दीत देऊ नये. कॅसेटची डिजिटल प्रत या पावसाळ्याआधी करून घ्यावी आणि वेष्टनावरची वादकांची नावे एका वहीत उतरवून ठेवावीत.