विषाणू : नाव आणि वर्गवारी

समासाचा विग्रह शिकवताना 'विषाणू' या शब्दापाशी आम्ही हमखास अडखळतो. विषाणू हे विष नव्हे आणि अणूही नव्हे. 'व्हायरस' या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही विष असाच आहे. वस्तू कळण्याआधीच तिचे नाव ठरले होते. पुढचा सारा इतिहास ती वस्तू ओळखण्याच्या धडपडीचा आहे.

१८९२ मध्ये रशियात दिमित्री इव्हानोव्हस्की यांनी केवडा रोग झालेल्या तंबाखूच्या पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. या गाळणीत जिवाणू अडकतात; तरीही त्या रसाने निरोगी रोपांना रोग झालाच. इव्हानोव्हस्कींना जिवाणूंच्या विषाचा संशय आला. १८९८ मध्ये नेदरलंड्समधील मार्टिनस बेयेरिंक यांनी मात्र दाखवून दिले की, हा रोगकारक वाढतो आणि तोही केवळ जिवंत पेशींत. विष असे वाढत नाही. म्हणून त्यांनी त्याला सजीव, संसर्गजन्य द्रव मानले. १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी त्याचेच स्फटिक मिळवले आणि 'द्रव' ही कल्पनाही मागे पडली. मिठासाखरेसारखे स्फटिक होणारी ही वस्तू पानात शिरताच पुन्हा वाढू लागे. सजीव आणि निर्जीव ही आपली जुनी विभागणीच येथे अपुरी पडली.

वर्गवारीचेही तसेच झाले. आरंभी विषाणू ओळखले जात ते रोगावरून आणि आश्रयदात्यावरून. १९७१ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांनी प्रश्नच बदलला. विषाणूचा जनुकीय मजकूर डीएनए आहे की आरएनए, एकपदरी आहे की दुपदरी, आणि त्यापासून प्रथिने घडवण्याचा निरोप पेशीला कसा मिळतो, हे त्यांनी विचारले. त्यांच्या सहा गटांत पुढे सातव्याची भर पडली. परिणामी हिपॅटायटिस ए आणि बी हे यकृताला सूज आणणारे, काविळीस कारण होणारे दोन विषाणू चौथ्या आणि सातव्या अशा दूरच्या गटांत गेले. लक्षण एक, कुळे दोन. आज जनुकीय क्रमावरून नातेसंबंध ठरवणारी आंतरराष्ट्रीय वर्गवारीही आहे. तिच्यासोबत बाल्टिमोरचे गट अजून वापरात आहेत.

साहित्यप्रकार शिकवताना आम्हांला हा इतिहास उपयोगी वाटतो. वर्ग वस्तूच्या अंगावर लिहिलेले नसतात. आपण विचारलेल्या प्रश्नाची ती उत्तरे असतात. 'विषाणू' हा शब्द मात्र बदलू नये. पहिला प्रश्न कोणता होता, याची खूण त्यात जपली गेली आहे.