अजून थोडं डावीकडे!

१८८८ साली कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत हाइनरिश हर्ट्झने जस्ताचे दोन मोठे पत्रे पन्हाळीसारखे वाकवून एकमेकांसमोर उभे केले. प्रत्येकाची उंची दोन मीटर. एकाच्या नाभीय रेषेवर ठिणगी पाडायची आणि समोरच्या पत्र्यामागच्या तारांमधल्या बारीक फटीत तिचं उत्तर शोधायचं. पत्रे नीट समोरासमोर असले की तिथेही ठिणगी उडे; एक बाजूला वळवला की विझे. तोंड समोर ठेवून पत्रा उभ्याचा आडवा केला, तरीही विझे. दिशेबरोबर ध्रुवीकरणही, म्हणजे लहरींच्या कंपनाचा कलही, जुळावा लागतो, हा अँटेना जुळवण्याचा पहिला धडा तिथला.

हर्ट्झला लांब पोहोचायचं नव्हतं. १९३१ साली मात्र डोव्हर आणि कॅलेदरम्यान तीन मीटरच्या डिश लावून सुमारे १८ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर संभाषण झालं. शक्ती जेमतेम अर्धा वॅट! लहरींची शलाका अरुंद होती म्हणूनच ते साधलं. पण शलाका जितकी अरुंद, तितका नेम अवघड.

पुण्यात ही कसरत टीव्हीने घराघरांत नेली. सेंदाईच्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली मांडलेला कांड्यांचा अँटेना तोवर जगभर पसरला होता. १९७३ मध्ये सिंहगडावरून दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू झालं आणि गच्च्यांवरचे अँटेना गडाकडे तोंड करून उभे राहिले. वर एक जण दांडा फिरवतोय, खालून दुसरा ओरडतोय, ‘मुंग्या गेल्या... थांब, परत आल्या!’

आज दोन इमारती बिनतारी जोडणारा तंत्रज्ञ मुंग्यांऐवजी सिग्नलची ताकद सांगणारा डीबीएमचा आकडा पाहतो. ६० सेंटिमीटरच्या डिशची शलाका ५.८ गिगाहर्ट्झला सुमारे सहा अंशांची; दहा किलोमीटरवर एक अंश म्हणजे पावणेदोनशे मीटर. आकडा चढला की लगेच नट आवळणारा फसतो. मुख्य शलाकेच्या बाजूंना दुबळ्या उपशलाका असतात, त्यांच्यावरही आकडा चढतो. म्हणून शिखर ओलांडायचं, दोन्हीकडे सिग्नल पडू द्यायचा, मग मधोमध यायचं. आधी आडवं, मग उभं. एका टोकाला काम चालू असताना दुसऱ्याला हात लावायचा नाही.

२००७ साली व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली आणि सहकाऱ्यांनी अँडीजमधलं पिको देल आगिला आणि प्लातिओन ही ३८२ किलोमीटर दूरची ठिकाणं वायफायने जोडली. डिश जुळल्या, तरी नेहमीचे वायफायचे नियम आडवे आले: माहितीच्या पाकिटाची पोच परत येईपर्यंत वाट पाहण्याची मुदतच संपे. बर्कलीच्या संशोधकांनी हे नियम बदलून लिहिलेली आज्ञावली घातल्यावर प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे तीन मेगाबिट माहिती जाऊ लागली.