पी-व्हॅल्यूच्या तोंडी घातलेले वाक्य

संख्याशास्त्राच्या पहिल्याच वर्षी समष्टीतील प्रमाणाची कसोटी शिकवली जाते आणि तिच्यासोबत एक वाक्य वहीत उतरते: पी-व्हॅल्यू ०.०३ आली, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के आणि आपला दावा खरा असण्याची ९७ टक्के. हे वाक्य मुळातच चुकीचे आहे.

पूर्वपक्ष मात्र नीट मांडला पाहिजे. तो म्हणतो: परिकल्पना खरी असती, तर असा नमुना क्वचितच मिळाला असता. तो मिळाला. मग तिच्यावरचा विश्वास ढळायला नको का? जरूर ढळावा. पण तो नेमका ३ टक्क्यांवर येऊन थांबतो, हे कुठून आले?

एक हजार नाणी घ्या. ९९९ निर्दोष, उरलेल्या एकात छाप पडण्याचे प्रमाण ०.६. प्रत्येक नाणे शंभरदा उडवा आणि साठ किंवा अधिक वेळा छाप पडली की त्याला दोषी ठरवा. निर्दोष नाण्याच्या बाबतीत असे घडण्याची संभाव्यता सुमारे ०.०२८. म्हणजे साधारण २८ निर्दोष नाणी पकडली जाणार. खरे सदोष नाणेही सापडलेच असे धरू (ते निम्म्याहून जरा अधिक वेळाच सापडते, पण पूर्वपक्षाला एवढी सवलत देऊ). आरोपी २९, अपराधी एक. वहीतले वाक्य मात्र यातल्या प्रत्येकाला किमान ९७ टक्के अपराधी म्हणते! वाचकहो, तुम्ही न्यायासनावर असता, तर ही साक्ष ग्राह्य धरली असती का?

या वाक्याचा दोष कसोटीच्या सूत्रातच दिसतो. छेदातला स्टँडर्ड एरर काढताना आपण परिकल्पनेतले ०.५ वापरतो, नमुन्यातले ०.६ नव्हे. जी गोष्ट खरी मानून हिशेब मांडला, तिच्याच खरेपणाची शक्यता तो हिशेब कशी सांगणार? अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात हेच स्पष्ट केले.

यावर उत्तर येते: पी-व्हॅल्यू अतिसूक्ष्म असेल, तर आपला दावा सिद्धच झाला ना? नाही. १७१० मध्ये राणी ॲनचे वैद्य जॉन आर्बथनॉट यांनी लंडनच्या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी तपासल्या. दरवर्षी मुलगेच अधिक. मुलगा-मुलगी समसमान शक्यतेने जन्मत असतील, तर असे घडण्याची संभाव्यता १/२ चा ८२ वा घात. इतकी लहान पी-व्हॅल्यू आजच्या प्रबंधांतही सहसा दिसत नाही. आर्बथनॉट यांनी निष्कर्ष काढला: ही ईश्वरी योजना. (जाता जाता बहुपत्नीत्वही निसर्गविरोधी ठरवून टाकले.) निकोलस बर्नुली यांनी शांतपणे दाखवले की ३५ बाजूंचा फासा घेऊन १८ बाजू मुलग्यांना आणि १७ मुलींना दिल्या, तरी या नोंदींचा उलगडा होतो. कसोटीने १/२ फेटाळले होते. ईश्वर सिद्ध केला नव्हता.

मग कसोटी निरुपयोगी का? मुळीच नाही, आणि माझा राग त्यासाठीच आहे. टेक्ससच्या हिडाल्गो काउंटीत मेक्सिकन-अमेरिकन लोक ७९.१ टक्के होते. पण ११ वर्षांत ग्रँड ज्युरीसाठी (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासाठी) बोलावलेल्या ८७० जणांत ते फक्त ३३९. अपेक्षित संख्या सुमारे ६८८, प्रमाण विचलन सुमारे १२. तफावत जवळजवळ २९ प्रमाण विचलनांची. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या आकड्यावरून भेदभाव अमुक टक्के सिद्ध झाला, असे म्हटले नाही. निवड यदृच्छेने झाली असे मानणे कठीण आहे आणि आता खुलासा राज्याने करावा, एवढेच म्हटले. राज्याचा खुलासा अपुरा ठरला आणि पाच विरुद्ध चार मतांनी निकाल राज्याच्या विरोधात गेला.