कार्ड तेच, खाच नाही

२००३ सालची गोष्ट. चिखलीतल्या एका पतसंस्थेत मी लेखनिक होतो. संस्थेचा १९९५ सालचा संगणक थकला होता, म्हणून संचालक मंडळाने रीतसर ठराव करून एका मोठ्या कंपनीचा तयार, सीलबंद संगणक घेतला. असेंबल्ड नको, असा अध्यक्षांचा आग्रह होता. चपटे, देखणे कॅबिनेट आले, नारळ फुटला, पेढे वाटले. माझा हिशेब साधा होता. जुन्या यंत्रातले कार्ड काढायचे, नव्यात बसवायचे आणि वार्षिक सभेच्या नोटिशी छापायला घ्यायच्या.

ते कार्ड म्हणजे जिस्ट कार्ड. आज तिशीच्या आतल्या कुणाला हे नाव ठाऊक असेल असे वाटत नाही, पण मराठी कचेऱ्यांच्या इतिहासात त्याला मानाचे पान हवे. संगणक मुळात इंग्रजीसाठी बनलेला. त्याला देवनागरी शिकवण्याचे काम १९८० च्या दशकात कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये डॉ. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांनी केले. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि हे काम तिथे आले. सी-डॅकची धुरा होती डॉ. विजय भटकरांकडे. ते आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. १९९१ सालचा त्यांचा परम महासंगणक सगळ्यांना आठवतो. माझ्यासारख्या कारकुनाला विचाराल तर जिस्ट कार्डाचे उपकार काही कमी नाहीत. महासंगणक मी कधी पाहिला नाही, पण या कार्डाने माझी बोटे मराठीत चालू लागली.

त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. डॉसच्या काळात एका अक्षराला एक क्रमांक आणि असे क्रमांक एकूण २५६. पहिले १२८ इंग्रजीकडे. उरलेल्या १२८ मध्ये भारतीय लिप्यांची अक्षरे बसवली. या क्रमवारीला इस्की म्हणतात, आणि १९९१ साली ती भारतीय मानक झाली. क ला १७९, ख ला १८०, ग ला १८१. मशीनमधल्या डी-बेसला यातले काही कळत नसे, त्याच्या लेखी ते नुसते आकडे. पडद्यावर जाताना मात्र कार्ड ते आकडे ओळखून काना-मात्रा, जोडाक्षरे जागच्या जागी काढी. थोडक्यात, मराठी वाचता येणारा त्या कचेरीत एकच, आणि तो हिरव्या पट्टीवर बसलेला.

आता अडचण ऐका. नवे कॅबिनेट उघडताना वॉरंटीचे स्टिकर फाटले. त्याबद्दल अध्यक्षांकडून काय ऐकावे लागले ते सांगत नाही. आत पाहतो तर दोन आखूड पांढऱ्या खाचा. माझ्या कार्डाची लांब काळी खाच कुठेच नाही. खामगावहून हार्डवेअरचे काम करणारा एक मुलगा बोलावला. त्याने एका नजरेत निकाल दिला, "काका, ह्या बोर्डाले काळी खाचच नाही. अन् असती तरी एवढं उंच कार्ड ह्या डब्यात मावत नाही जी."

त्या काळ्या खाचेची कुळकथा मला नंतर कळली. १९८१ साली आय.बी.एम.ने आपला पीसी काढला आणि त्याचे आराखडे पुस्तकातच छापून दिले. त्यामुळे कुणीही त्यात बसेल असे कार्ड बनवू शके. पुण्यात बनलेले कार्ड तैवानच्या बोर्डात बसे ते त्यामुळेच. १९८४ साली खाच लांबवली, पण अशी की जुनी कार्डेही चालावीत. पुढे हिलाच आयसा म्हणू लागले. १९९२ साली इंटेलने आखूड, वेगवान पीसीआय खाच आणली. काही वर्षे एकाच बोर्डावर काळ्या-पांढऱ्या खाचा शेजारी नांदल्या. मग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी मिळून १९९९ च्या संगणकांसाठी जो नमुना ठरवला त्यात आयसाला रजा दिली. अमेरिकेतल्या त्या निर्णयाची खबर चिखलीत आम्हाला चार वर्षांनी, कॅबिनेट उघडल्यावर लागली.

बरे, जुनेच यंत्र चालवावे, तर लोडशेडिंगच्या झटक्याने नेमका त्याचा एस.एम.पी.एस. गेला. नव्यातला काढून लावू म्हटले, तर नव्याला वीस पिनांचा एकच प्लग आणि जुन्या बोर्डाला सहा-सहा तारांचे दोन. रॅमची पट्टी जुन्याला ७२ पिनांची, नव्याला १८४. एका घरातले दोघे, पण एकाचे कपडे दुसऱ्याला होत नाहीत.

एक गोष्ट तेवढी जुळली. हार्डडिस्कची चाळीस पिनांची पट्टी दोन्हीकडे सारखी. मुलाने डिस्कवरचा जंपर बदलून ती नव्या यंत्राला दुय्यम म्हणून जोडली आणि फाइल दिसली. मी देवाला हात जोडले. उघडली, तर सभासदांच्या नावांच्या जागी उभ्या-आडव्या रेघा! इंग्रजी संगणकाच्या तक्त्यात १७९ क्रमांकाला उभी रेघ असते आणि १८० ला डावीकडे फाटा फुटलेली. ज्याच्या नावात क, त्याच्या नावात काठी. दोन हजारांच्या आसपास सभासद, आणि पडद्यावर जणू मोडक्या खिडक्यांचे गज. एक अक्षरही हरवले नव्हते आणि एकही वाचता येत नव्हते. कागदी रजिस्टर १९९६ नंतर कुणी भरलेले नाही, कारण "आता संगणक आहे ना!" नोटीस मिळाली नाही म्हणून सभा रद्द करा, असे म्हणणारा एक गट टपून बसलेला होताच.

त्या मुलाने अकोल्याच्या भंगारातून जुन्या पद्धतीचा एस.एम.पी.एस. शोधून आणला. दोन प्लग लावताना काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना खेटून यायला हव्यात, उलट लागले तर बोर्ड जळते. त्याने तीनदा तपासले, मी चौथ्यांदा. बटण दाबले. पंखा फिरला, पडद्यावर मराठी आली. त्या रात्री डॉट मॅट्रिक्सवर सगळी यादी छापून काढली. शेवटचे पान निघाले तेव्हा फटफटले होते. नोटिशी मुदतीत गेल्या.

त्या फाइलचे पुढे २००७ साली माझ्या भाच्याने युनिकोडमध्ये रूपांतर केले, एका संध्याकाळच्या छोट्या प्रोग्रामवर. हे इतके सोपे कसे झाले, असे मी विचारले. युनिकोडचा देवनागरी तक्ताच इस्कीच्या क्रमावरून आखलेला आहे, चार-दोन अक्षरे सोडली तर नुसती बेरीज करायची, असे तो म्हणाला. म्हणजे आज तुमच्या मोबाइलमध्ये क नंतर ख येतो त्या रांगेत, थोडा का होईना, आमच्या हिरव्या पट्टीचा वाटा आहे.

कार्ड संस्थेच्या कपाटात ठेवले. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मी नोंद केली होती, "जिस्ट कार्ड, १ नग, चालू स्थितीत." मी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी लेखापरीक्षक त्या ओळीवर बोट ठेवून विचारीत, "चालू आहे, तर वापरात का नाही?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)