किल्ली कोणाच्या हाती? लंडनची ‘वासू’ आणि तिचे स्वयंसेवी कार्यकर्ते

गेल्या खेपेला आपण साम्राज्याच्या राजधानीत शिकायला गेलेल्या वसाहतीतल्या तरुणांविषयी बोललो होतो. आज त्यातल्याच एका लहानशा संस्थेची गोष्ट घेऊ. संस्थेचं नाव वेस्ट आफ्रिकन स्टुडंट्स युनियन. आद्याक्षरं जोडली की होतं ‘वासू’. आपल्या कानाला हे एखाद्या वासुदेवाचं घरगुती नाव वाटतं, पण पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेत या शब्दाचा अर्थ प्रवचन, उपदेश असा आहे. हा योगायोग त्या मंडळींनाही आवडला होता, आणि आपल्या नियतकालिकाचं नावही त्यांनी ‘वासू’ असंच ठेवलं.

या संस्थेच्या मध्यभागी एक माणूस आहे, लाडिपो सोलांके. नाव ऐकून मराठवाड्यातल्या कुणा सोळंक्यांची आठवण व्हावी, पण हे नायजेरियातल्या अबेओकुटाचे. सिएरा लिओनच्या फुरा बे कॉलेजात शिकलेले, १९२२ साली कायदा शिकायला इंग्लंडला आलेले. खिशात पैसे बेताचेच. पोटासाठी त्यांनी योरुबा भाषा शिकवण्याचं कामही केलं.

१९२४ साली लंडनजवळ वेम्बली इथे साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरलं. त्या निमित्ताने वृत्तपत्रांत नायजेरियन लोकांविषयी असा मजकूर आला की, हे लोक परवापरवापर्यंत नरमांस खात होते. आता बघा, कायद्याची पुस्तकं काखेत मारून रोज ग्रंथालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याने सकाळी हे वाचायचं आणि संध्याकाळी घरमालकिणीच्या नजरेला नजर द्यायची. सोलांकेंनी निषेधाचं पत्र लिहिलं. ते एमी ॲशवुड गार्वी या जमैकन कार्यकर्तीच्या वाचनात आलं. दोघांची गाठ पडली आणि त्याच वर्षी मूठभर विद्यार्थ्यांची नायजेरियन प्रोग्रेस युनियन उभी राहिली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९२५ मध्ये, सिएरा लिओनचे डॉक्टर आणि राजकारणी हर्बर्ट बॅन्कोल-ब्राइट यांच्या प्रोत्साहनाने नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन आणि गॅम्बिया या चारही ब्रिटिश वसाहतींतले विद्यार्थी एकत्र आले. तीच ही वासू. पहिले अध्यक्ष गोल्ड कोस्टचे जे. बी. डान्क्वा, आणि चिटणीस सोलांके.

अध्यक्ष बदलत राहिले, चिटणीस मात्र टिकला. आपल्याकडच्या मंडळांचा इतिहासही असाच असतो, नाही का? अध्यक्षाचा फोटो भिंतीवर लागतो आणि पावतीपुस्तक चिटणिसाच्या पिशवीत राहतं. सोलांकेंना १९२६ मध्ये वकिलीची सनद मिळाली. मायदेशी परतले असते तर नाव आणि पैसा दोन्ही मिळण्याजोगं होतं, पण त्यांनी आयुष्य वासूलाच वाहिलं.

या विद्यार्थ्यांची पहिली मागणी कोणती होती? स्वराज्य? ते होतंच, पण त्याआधी त्यांना हवं होतं घर. लंडनमध्ये काळ्या माणसाला खोली मिळणं फार अवघड होतं. खोली रिकामी असायची, पण दार उघडून चेहरा पाहिला की ती ‘आत्ताच गेली’ असं उत्तर मिळायचं. क्रिकेटवाल्या मंडळींना लिअरी कॉन्स्टंटाइन हे नाव ठाऊक असेल. वेस्ट इंडीजच्या एवढ्या नामांकित खेळाडूलाही १९४३ साली लंडनच्या एका हॉटेलात राहू दिलं नाही. त्याला न्यायालयात जावं लागलं आणि तो जिंकला. मग साध्या विद्यार्थ्याची काय कथा?

१९२८ मध्ये मार्कस गार्वी यांनी वासूला पश्चिम केन्झिंग्टनमध्ये वर्षभरासाठी एक घर मिळवून दिलं. मुदत संपली आणि पुन्हा बिऱ्हाड पाठीवर. तेव्हा सोलांके निघाले मायदेशी, वर्गणी गोळा करायला. १९२९ ते १९३२ अशी जवळपास तीन वर्षं ते पश्चिम आफ्रिकेत हिंडले. काळ जागतिक मंदीचा, कोको आणि पामतेलाचे भाव कोसळलेले. अशा दिवसांत ते गावोगावी सांगत होते की, लंडनमध्ये आपल्या मुलांसाठी आपलं घर हवं. लोकांनी पैसे दिले, वासूच्या शाखा निघाल्या. याच दौऱ्यात त्यांचं ओपेओलू यांच्याशी लग्न झालं. १९३३ मध्ये उत्तर लंडनमधल्या कॅम्डेन टाऊनमध्ये वसतिगृह सुरू झालं, आणि त्याची घरव्यवस्था ओपेओलूबाईंनी सांभाळली. शेंगदाण्याचं कालवण आणि मसालेदार जोलोफ भात लंडनच्या धुक्यात मिळू लागला. परक्या गावात आपल्या चवीचं गरम जेवण म्हणजे काय, हे घर सोडून शिकायला गेलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

आता खरा पेच. सरकारच्या वसाहत खात्यालाही विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढायचं होतं. १९३४ मध्ये लंडनच्याच ब्लूम्सबरी भागात ॲग्री हाऊस सुरू झालं. नाव एका आदरणीय आफ्रिकन शिक्षकाचं, जागा चांगली, पाठीशी पैसा. वासूने विरोध केला. पुस्तिका छापून सांगितलं की, ही विद्यार्थ्यांवर नियंत्रण ठेवण्याची योजना आहे. हॅरॉल्ड मूडी यांची लीग ऑफ कलर्ड पीपल्स ही कृष्णवर्णीयांचीच संस्था, पण ती मात्र ॲग्री हाऊसच्या बाजूने उभी राहिली. म्हणजे भांडण घरातही होतंच.

हा पेच आपल्याला नवा नाही. १९०५ मध्ये श्यामजी कृष्णवर्मांनी लंडनच्या हायगेटमध्ये इंडिया हाऊस काढलं. सावरकर तिथे राहिले, सेनापती बापटांचाही तिथे वावर होता. सरकार अस्वस्थ झालं. १९०७ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांच्या चौकशीसाठी ली-वॉर्नर समिती नेमली गेली, आणि १९१० मध्ये क्रॉमवेल रोडवर सरकारी व्यवस्थेतलं भारतीय विद्यार्थ्यांचं घर उभं राहिलं. सोय खरी, आणि त्या सोयीत पाहारा आहे हा विद्यार्थ्यांचा संशयही स्वाभाविक. चोवीस वर्षांनी आफ्रिकन विद्यार्थ्यांपुढे तोच प्रश्न आला.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. कान्टची स्वायत्तता समजावताना फळ्यावर सांगायचो की, आपला नियम आपणच घालून घेणं म्हणजे स्वातंत्र्य. विद्यार्थी वहीत उतरवून घेत, पण चेहरे कोरे राहत. आज शिकवायचं झालं तर आम्ही कॅम्डेनच्या त्या घराचं उदाहरण देऊ. दाराची किल्ली कोणाकडे आहे? पाहुणा कोण बोलवायचा, हे कोण ठरवतं? हे प्रश्न विचारले की स्वायत्तता म्हणजे काय ते लगेच कळतं.

अर्थात किल्ली हातात ठेवायची तर भाडं भरावं लागतं. नुसत्या वर्गणीवर घर चालेना. पुढे वासूनेही सरकारकडून आणि पश्चिम आफ्रिकेत व्यापार करणाऱ्या कंपन्यांकडून मदत घेतली. १९३८ मध्ये कॅम्डेन स्क्वेअरजवळ मोठी जागा झाली. ज्यांच्यावर टीका केली त्यांचेच पैसे घेतले, असं म्हणणं सोपं आहे. आम्ही निवृत्तीनंतर दोन वर्षं आमच्या सोसायटीचे चिटणीस होतो. पाण्याच्या टाकीचं बिल समोर आलं की तत्त्वांना किती पाय फुटतात, ते पाहिलंय. बघायचं ते एवढंच की, पैसे घेतल्यावर तोंड बंद झालं का?

वासूचं झालं नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये अटलांटिक सनद जाहीर झाली. त्याच महिन्यात क्लेमंट ॲटली वासूच्या विद्यार्थ्यांसमोर बोलले आणि सनदेतली तत्त्वं सर्व वंशांच्या लोकांना लागू आहेत असं सांगून गेले. सप्टेंबरमध्ये चर्चिल यांनी संसदेत सांगितलं की, ती नाझींच्या टाचेखालच्या युरोपपुरती आहेत. वासूने हा विरोधाभास सोडला नाही. एप्रिल १९४२ मध्ये तिने तातडीने अंतर्गत स्वशासन आणि युद्धानंतर पाच वर्षांत पूर्ण स्वराज्य अशी मागणी केली. १९४५ मध्ये क्वामे एन्क्रुमा लंडनला आले, तेव्हा याच वासूचे उपाध्यक्ष झाले. १९५७ मध्ये गोल्ड कोस्टचा घाना झाला आणि एन्क्रुमा जगाला ठाऊक झाले.

आणि सोलांके? १९४४ मध्ये ते पुन्हा वर्गणीसाठी आफ्रिकेत गेले आणि चारेक वर्षं तिकडेच हिंडले. मागे संस्था तरुणांच्या, अधिक जहाल विचारांच्या हाती गेली. परतल्यावर मतभेद झाले, पैशांच्या हिशेबावरूनही बोललं गेलं. शेवटी वाटा वेगळ्या झाल्या. सोलांके कॅम्डेनचं ते जुनं वसतिगृह स्वतंत्रपणे चालवत राहिले आणि १९५८ मध्ये लंडनमध्येच वारले. घानाचा झेंडा त्यांच्या हयातीत फडकला, पण १९६० चं स्वतंत्र नायजेरिया त्यांना दिसलं नाही.

तरुणांचं सगळं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. एकच माणूस वीस वर्षं किल्ली बाळगतो, तेव्हा ती किल्ली कधी संस्थेची राहते आणि कधी त्याची होते, हे त्यालाही कळत नाही. स्वयंसेवी नेतृत्वाचा हा जुना धोका आहे. पगार नसतो, म्हणून निवृत्तीही नसते. पण हिशेब विचारणाऱ्यांनी दुसरी बाजूही मांडायला हवी होती. ज्या खोलीत बसून ते हिशेब विचारत होते, ती खोली मुळात मिळाली कशी?

इतिहास पाहुण्यांची नावं लक्षात ठेवतो, यजमानांची विसरतो. स्वातंत्र्याचे ठराव करायला कुणीतरी आधी खोली मिळवावी लागते, चूल पेटती ठेवावी लागते. तुमच्या गावातल्या मंडळाचा, वाचनालयाचा, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा जुना चिटणीस हयात असेल, तर त्याच्याकडे एकदा जाऊन बसा. हिशेब जरूर विचारा. पण आधी त्याला विचारा, ‘ही जागा मिळवलीत कशी?’ आणि तो सांगेल ते लिहून ठेवा.

आज इथेच थांबू.