खाण बंद झाली, आम्ल उरलं
भूजलावर संशोधन करायचं असेल, तर चेकियातलं स्त्राश पोद राल्स्केम हे नाव लक्षात ठेवा. तिथे १९९६ पर्यंत, जवळपास तीस वर्षं, विहिरींतून वालुकाश्मात सुमारे ४० लाख टन सल्फ्युरिक आम्ल सोडलं गेलं. का? +४ अवस्थेतलं युरेनियम पाण्यात फारसं विरघळत नाही; ऑक्सिडीकरणाने +६ झालं की विरघळतं, मग पंपाने वर काढता येतं. पण आम्लाने खडकातलं ॲल्युमिनियमही सोडवलं, सल्फेट साचलं. आणि वरच्या थरात पिण्याचं पाणी! म्हणून दूषित द्रावण उपसून, आटवून त्यातून तुरटी वेगळी काढावी लागली. सफाईला खाणकामापेक्षा जास्त वर्षं लागणार. तेव्हा आराखडा लिहिताना स्वतःला आधी विचारा: पाणी पूर्ववत कसं करणार?